थांबायची जागा

कारवार सोडून काळी नदीच्या काठाकाठानं आत गेलं, की पन्नासेक किलोमीटरवर कैगा लागतं. सभोवती सह्याद्रीचं दाट रान, बाजूला कद्रा धरणाचं पाणी. 1994 साली इथे अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीवरचा आतला घुमट उभा राहिला होता आणि त्यातल्या पोलादी केबली ताणण्याचं काम चालू होतं. 13 मे रोजी या घुमटाच्या पोटाकडचा थर सुटला. चपातीचा पदर सुटावा तसा सुटला आणि सुमारे 130 टन काँक्रीट खाली आलं. कामगार जखमी झाले.

त्या दिवशी अणुभट्टीत इंधनाची एकही कांडी नव्हती. त्यामुळे किरणोत्साराचा प्रश्न नव्हता, गावं रिकामी करण्याचा प्रश्न नव्हता. तरीही भारतातल्या अणुवीज केंद्रांच्या सुरक्षिततेचा इतिहास लिहायचा झाला, तर ही तारीख वगळून चालत नाही. हा घुमट पावसापाण्यासाठी नव्हता. उद्या आत काही बिघडलं, पाइप फुटून किरणोत्सारी वाफ सुटली, तर ती आतच अडवायची, हे त्याचं काम होतं. ज्याच्यावर शेवटचा भरवसा ठेवायचा, तेच कवच बांधता बांधता सोललं होतं.

अणुवीज केंद्राची सुरक्षितता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चालू अणुभट्टी येते: नियंत्रण कक्ष, दिव्यांच्या रांगा, काट्यांवर नजर ठेवून बसलेली माणसं. पण ती माणसं खुर्चीत बसण्याच्या कितीतरी आधी, पाया खणणाऱ्या, सळया बांधणाऱ्या, वेल्डिंग करणाऱ्या, केबल ओढणाऱ्या हातांनी त्या सुरक्षिततेचा बराचसा निकाल लावून ठेवलेला असतो. बांधकामाच्या जागेवर दोन जबाबदाऱ्या एकाच वेळी सांभाळायच्या असतात. आज पहाडावर, म्हणजे परांचीवर, चढलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी गेला पाहिजे, आणि त्यानं आज केलेलं काम पुढची चाळीस-साठ वर्षं टिकलं पाहिजे. पहिली जबाबदारी सेफ्टी ऑफिसरची आणि दुसरी गुणवत्ता विभागाची, अशी वाटणी कागदावर असते. प्रत्यक्षात दोन्ही एकाच सवयीवर उभ्या असतात. ती सवय म्हणजे ठरलेल्या जागी थांबणं, आणि शंका आली तर न ठरलेल्या जागीही थांबता येणं. हे प्रकरण त्या सवयीबद्दल आहे.

घुमट का सोलला?

काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण मात्र त्याला सोसत नाही. म्हणून अणुभट्टीच्या कवचात काँक्रीटच्या पोटातून पोलादी केबली नेतात आणि काँक्रीट पुरेसं घट्ट झालं की त्या प्रचंड जोरानं ताणून बांधतात. त्यामुळे संपूर्ण कवच कायमचं आवळलेलं राहतं. आतून वाफेचा दाब आला, तर आधी ही आवळ सैल व्हावी लागते. काँक्रीटवर ताण यायची पाळी त्यानंतर येते. याला पूर्वताणित काँक्रीट म्हणतात.

सपाट भिंतीत हे सोपं असतं. घुमटात केबल वाकडी जाते, आणि ताणलेली वाकडी केबल सरळ व्हायला बघते, म्हणजे घुमटाच्या आतल्या बाजूला रेटते. उलट दाबाखाली असलेलं वाकडं काँक्रीट बाहेर फुगायला बघतं. या दोन ओढींच्या मधोमध, केबली जिथून जातात त्याच पातळीवर, जाडीच्या दिशेनं काँक्रीट उकलू पाहणारा ताण निर्माण होतो. तिथेच केबलींच्या नळ्या एकमेकींना खेटून ओळीनं बसवलेल्या असतात. पोस्टाच्या तिकिटांच्या पानावर भोकांची रांग असते, म्हणून तिकीट तिथेच फाटतं. घुमटात नळ्यांची रांग तेच काम करते. अशा ठिकाणी काँक्रीटच्या दोन थरांना टाके घालावेत तशा, जाडीच्या दिशेनं जाणाऱ्या सळया हव्या असतात.

हे ज्ञान जगाला नवं नव्हतं. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या टर्की पॉइंट केंद्राचा घुमट 1970 मध्ये बांधकाम चालू असताना असाच सोलला होता. त्याच राज्यातल्या क्रिस्टल रिव्हर केंद्रात 1976 मध्ये पुन्हा तसंच झालं. कैग्याच्या अठरा वर्षं आधीचे हे धडे होते. आणि धडा एकदा गिरवला म्हणजे पाठ झाला असंही नाही. याच क्रिस्टल रिव्हरमध्ये 2009 साली वाफजनक बदलण्यासाठी कवचाच्या भिंतीला भोक पाडायचं ठरलं. त्यासाठी काही केबली सैल केल्या, आणि या वेळी भिंतच आतून सोलली. दुरुस्तीचा खर्च आणि धोका पाहता 2013 मध्ये ते केंद्र कायमचं बंद करण्याचा निर्णय झाला. एका भोकापायी चांगलं चालणारं केंद्र गेलं.

कैग्यात काम थांबलं. न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशननं आणि अणुऊर्जा नियामक मंडळानं वेगवेगळ्या समित्या नेमून कारणं शोधली. राजस्थानात रावतभाट्याला बांधल्या जाणाऱ्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीचे घुमटही याच धाटणीचे होते. त्यांचाही आराखडा नव्यानं तपासावा लागला. घुमटाची रचना बदलली, जाडीच्या दिशेनं सळया आल्या, सिलिका फ्यूम घातलेलं एम-60 दर्जाचं जास्त ताकदीचं काँक्रीट वापरलं गेलं. कैग्याची पहिली अणुभट्टी व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली ती 16 नोव्हेंबर 2000 रोजी.

ओतलेलं काँक्रीट परत घेता येत नाही

अणुवीज केंद्राचं बांधकाम अधिकृतरीत्या सुरू होतं ते पायाच्या पहिल्या काँक्रीटनं. त्याआधी खणकाम, रस्ते, कामगारांच्या वसाहती, सगळं झालेलं असतं. पण घड्याळ चालू होतं ते पहिल्या काँक्रीटपासून. याला कारण आहे. सळई चुकली तर सोडून पुन्हा बांधता येते. शटरिंग चुकलं तर उकलता येतं. काँक्रीट एकदा ओतलं, की ते निर्णयच होऊन बसतं.

म्हणून मोठ्या ओतकामाच्या आधी एक कागद फिरतो. साइटवर त्याला पोअर कार्ड म्हणतात. सळया नकाशाप्रमाणे आहेत का, शटरिंग पक्कं आहे का, आत कचरा, बांधणीच्या तारांचे तुकडे, लाकडाच्या चिपा राहिल्या नाहीत ना, हे स्थापत्यवाले तपासतात. पुढे यंत्र बसवण्यासाठी ज्या पोलादी पट्ट्या काँक्रीटमध्ये आधीच रोवायच्या असतात, त्या आपल्या जागी आहेत की नाहीत, हे यांत्रिकीवाले पाहतात. केबलींसाठी सोडलेली भोकं विद्युतवाले मोजतात. साऱ्यांच्या सह्या झाल्याशिवाय पंप चालू होत नाही. एक पट्टी दहा सेंटिमीटर सरकली, तर दोन वर्षांनी पाइपाचा आधार बसवायला आलेला फिटर काँक्रीट फोडायला मागेल, आणि फोडताना सळई कापली जाईल. आजची एक राहिलेली सही उद्याची कमजोर भिंत असते.

मग मिक्सरची गाडी येते. तिच्याबरोबर चिठ्ठी असते: गाडी किती वाजता भरली, कोणतं मिश्रण आहे. तीस सेंटिमीटर उंचीचा एक पत्र्याचा शंकू असतो. तो थराथरानं भरायचा, प्रत्येक थराला गजाचे 25 ठोके द्यायचे, आणि शंकू सरळ वर उचलायचा. उघडं पडलेलं काँक्रीट किती खचलं, ते पट्टीनं मोजायचं. हा स्लंप. जास्त खचलं तर पाणी जास्त. पाणी जास्त म्हणजे पुढे ताकद कमी आणि भेगा जास्त. उन्हात तासभर अडकलेल्या गाडीतलं काँक्रीट घट्ट होतं, पंपातून सरकत नाही, आणि कुणाला तरी वाटतं, पाइप लावून थोडं पाणी मारलं तर काय बिघडणार आहे? इथे जो माणूस 'गाडी परत' म्हणतो, तो त्या दिवशीचा सर्वात महत्त्वाचा माणूस. त्याच गाडीतून पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवतात. ते सात आणि अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात चिरडून ताकद पाहतात. पण अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळा नापास झाला, तर त्याच्यावर तोवर आणखी मजले चढलेले असतात. गाडी परत पाठवायची वेळ पहिल्या दिवसाचीच असते.

पाया आणि भिंती इतक्या जाड असतात, की सिमेंट आणि पाण्याच्या प्रक्रियेतून निघणारी उष्णता आतच कोंडते. बाहेरचा भाग थंड होऊन आवळतो, आतला गरम राहून फुगलेला असतो, आणि भेगा पडतात. म्हणून आपल्याकडच्या हवेत मिश्रणात पाण्याऐवजी बर्फाचा चुरा घालतात, रात्री ओततात, आणि पुढे कित्येक दिवस पाणी मारत राहतात. सळयांची जाळी इतकी दाट असते की हात आत जात नाही. तिथे व्हायब्रेटरची सुई कुठून, किती वेळ घालायची हे आधी नमुन्याची भिंत बांधून ठरवतात. नाहीतर शटरिंग काढल्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात, आणि जी भोकं आतच राहतात ती दिसतही नाहीत.

होल्ड पॉइंट

अणुवीज केंद्राच्या कामाच्या वेळापत्रकात काही ठिकाणी खूण केलेली असते. साइटवरचा प्रत्येक माणूस तिला होल्ड पॉइंट म्हणतो. तिथे काम थांबतं. पुढचा माणूस येऊन तपासून सही करेपर्यंत एक बोल्टही आवळायचा नाही. वेल्डचा पहिला थर झाला, थांबा. पाइप जोडला, पण झाकायच्या आधी थांबा. भिंत बंद करायच्या आधी थांबा. तपासणाऱ्याला बोलावलं आणि तो आला नाही म्हणून पुढे जाता येतं, अशाही काही जागा असतात. होल्ड पॉइंटला मात्र ती मुभा नसते.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर देशाच्या पातळीवर आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना 15 नोव्हेंबर 1983 रोजी झाली; त्याचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. जागेची निवड, बांधकाम, कार्यान्वयन, प्रत्यक्ष चालवणं आणि शेवटी मोडीत काढणं, अशा प्रत्येक टप्प्यासाठी मंडळाची वेगळी परवानगी लागते, आणि टप्प्यांच्या आतही पायऱ्या असतात. कवच हवेच्या दाबानं फुगवून गळती मोजल्याशिवाय, मुख्य पाइपांत नेहमीपेक्षा जास्त दाबाचं पाणी भरून पाहिल्याशिवाय इंधन आत जात नाही. कामगारांच्या औद्योगिक सुरक्षेवरही याच मंडळाची नजर असते. एकाच संस्थेनं घुमटही पाहावा आणि पहाडावरच्या माणसाचा पट्टाही पाहावा, ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. जी साइट पट्ट्याबाबत ढिली असते, ती वेल्डबाबत काटेकोर असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

मेणबत्तीची ज्योत

होल्ड पॉइंट कागदावर छापता येतो. पण धोका अनेकदा दोन होल्ड पॉइंटांच्या मधल्या जागेत असतो. याचं सर्वात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं.

ब्राउन्स फेरी केंद्रात 1975 साली दोन अणुभट्ट्या चालू होत्या आणि तिसरी बांधली जात होती. नियंत्रण कक्षाच्या खाली एक खोली होती, तिथे हजारो केबली एकत्र येत आणि भिंतीतल्या भोकांतून अणुभट्टीच्या इमारतीत जात. ही भोकं हवाबंद राहायला हवी होती. नवीन केबली टाकताना ती उघडली, की पुन्हा फोम कोंबून बुजवायची. कुठे हवा गळते हे शोधायला कामगार पेटती मेणबत्ती भोकापाशी धरत. ज्योत कलली, म्हणजे गळती आहे.

22 मार्च 1975 रोजी दुपारी अशीच मेणबत्ती धरली असताना हवेच्या ओढीनं ज्योत आत खेचली गेली आणि फोमनं पेट घेतला. आग भिंतीच्या पलीकडे, अणुभट्टीच्या इमारतीत पसरली. ती विझायला सात तासांहून जास्त वेळ गेला. सोळाशेहून अधिक केबली जळाल्या. चालू असलेल्या दोन्ही अणुभट्ट्या बंद कराव्या लागल्या, आणि पहिल्या अणुभट्टीला थंड ठेवण्यासाठी असलेल्या आणीबाणीच्या यंत्रणा एकामागून एक निकामी झाल्या. शेवटी नेहमीच्या कामातल्या एका लहान पंपानं पाणी देत तिथल्या लोकांनी वेळ निभावून नेली.

मला या घटनेतली सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. दोनच दिवस आधी, 20 मार्चला, याच पद्धतीनं काम करताना लहानशी आग लागली होती. ती विझवली, तिची नोंद केली, आणि मेणबत्त्या पुन्हा पेटल्या. थांबायची जागा 20 मार्चची होती.

यातून दोन नियम जगभर घट्ट झाले. पहिला, उघड्या ज्वाळेच्या किंवा ठिणगीच्या प्रत्येक कामाला परवाना हवा. शेजारी आग विझवण्याची साधनं घेऊन एक माणूस उभा हवा, आणि काम संपल्यावरही त्यानं काही काळ तिथेच थांबायचं. दुसरा, एकमेकींना पर्याय असलेल्या केबली एकाच वाटेनं न्यायच्या नाहीत. दुसरा नियम न पाळल्याची किंमत भारतानं 31 मार्च 1993 रोजी नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात मोजली. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आणि वेगवेगळ्या वीजपुरवठ्यांच्या केबली अग्निरोधक आडोशाविना एकत्र गेलेल्या असल्यानं सगळ्याच जळाल्या. केंद्र सुमारे सतरा तास विजेविना होतं. कर्मचाऱ्यांनी अंधारात वर चढून अणुभट्टीत हातानं बोरॉन सोडलं आणि ती बंदच राहील याची खात्री केली. केबल कोणत्या ट्रेमधून ओढायची हा बांधणीच्या काळातला अगदी रोजचा निर्णय. त्याचा निकाल नरोऱ्यात त्या रात्री लागला.

ब्राउन्स फेरीचं उदाहरण आपल्यालाही जवळचं आहे, कारण चालू केंद्राच्या कुशीत नवं बांधणं ही आपल्याकडची नेहमीची पद्धत आहे. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 पासून चालू असताना शेजारी तिसरी आणि चौथी उभी राहिली. अशा ठिकाणी सुरुंगाचा हादरा, क्रेनची झुकणारी बूम, खोदताना लागलेली जुनी केबल, प्रत्येक गोष्टीचा शेजारच्या अणुभट्टीवर काय परिणाम होईल, हे आधी विचारावं लागतं.

पाचशे टन हवेत

बांधणीतला सर्वात धीर पाहणारा क्षण जड वस्तू उचलण्याचा. वाफजनक, जनित्र, अणुभट्टीचं मुख्य भांडं, शेकडो टनांचा एकेक नग. आपल्याकडे जड उचलणीच्या टोळीला आजही खलाशी म्हणतात. शिडाच्या जहाजांवरचं दोर-कप्पीचं ज्ञान घेऊन आलेला हा शब्द आहे.

31 मार्च 2013 रोजी अमेरिकेतल्या अर्कान्सा न्यूक्लिअर वन केंद्रात जनित्राचा जुना स्थिर भाग बदलण्याचं काम चालू होतं. वजन पाचशे टनांच्या आसपास. त्यासाठी एक तात्पुरती पोलादी चौकट उभी केली होती. उचलणी चालू असताना ती चौकट कोसळली. एका कामगाराचा जीव गेला, आठ जखमी झाले. पडणाऱ्या भारानं आगीच्या पाण्याची मोठी नळी फोडली, पहिल्या अणुभट्टीचा बाहेरचा वीजपुरवठा तुटला, आणि शेजारची चालू असलेली दुसरी अणुभट्टीही आपोआप बंद झाली. नंतरच्या चौकशीत दिसलं, की त्या चौकटीचा आराखडा पुरेसा तपासला नव्हता आणि खरा भार उचलण्याआधी तिच्यावर जादा वजन टाकून चाचणी घेतली नव्हती.

'तात्पुरतं' हा शब्द बांधकामावर फार फसवा आहे. पहाड तात्पुरता, शटरिंगचे टेकू तात्पुरते, चौकट तात्पुरती. कायमच्या खांबाला दहा सह्या लागतात, तात्पुरत्याला एक शिट्टी पुरते. पण खाली उभ्या असलेल्या माणसाला दोन्हींचं वजन सारखंच लागतं. म्हणून चांगल्या साइटवर उचलणीचा आराखडा लिहून काढतात: क्रेन कुठे उभी राहील, जमीन किती भार सोसेल, वारा किती असला तर उचलायचं नाही, भार कोणाच्या डोक्यावरून जाईल. हुक लागल्यावर आधी भार जमिनीपासून जेमतेम वर उचलतात आणि थांबतात. दोर, कप्प्या, ब्रेक सगळं पाहतात. खलाशांचा मुकादम एकटाच इशारे देतो. मात्र 'थांब' हा इशारा कुणीही दिला तरी क्रेनवाला पाळतो.

वेल्ड आणि रात्रीची दोरी

भारतीय बनावटीच्या 540 आणि 700 मेगावॉटच्या अणुभट्टीत 392 नळ्या आडव्या असतात, आणि प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी पाणी आणणारा-नेणारा पाइप जोडलेला असतो. असे शेकडो पाइप अणुभट्टीच्या तोंडाशी वेलींसारखे वळत जातात. प्रत्येक जोडाला क्रमांक असतो. कोणत्या वेल्डरनं, कोणत्या दिवशी, कोणत्या भट्टीतल्या पोलादावर, कोणत्या पुड्यातली कांडी वापरून तो केला, हे पन्नास वर्षांनीही शोधता आलं पाहिजे. कांडीला दमट हवा लागू नये म्हणून ती गरम पेटीत ठेवून कामाच्या जागी आणतात.

स्टेनलेस स्टीलचा पाइप आतून जळू नये म्हणून जोडताना त्यात आर्गॉन वायू सोडतात. आर्गॉनला रंग नाही, वास नाही, आणि तो हवेपेक्षा जड आहे. तो खालच्या खड्ड्यात, टाकीच्या तळाशी साचतो. हाताखालचा पोरगा पडलेला पाना उचलायला खाली वाकतो आणि काही कळायच्या आत बेशुद्ध होतो. त्याला काढायला धावलेलाही पडतो. म्हणून बंदिस्त जागेत उतरण्याआधी प्राणवायू मोजणं, बाहेर एक माणूस उभा ठेवणं आणि त्यानं कितीही जीव तुटला तरी साधनांशिवाय आत उडी न घेणं, हे नियम आहेत. जीव वाचवायच्या घाईतही एक क्षण थांबावं लागतं.

जोड झाला की आतून तपासायचा. बांधकामाच्या काळात साइटवर किरणोत्सार असतो तो मुख्यतः इथे. इरिडियम-192 चा छोटासा स्रोत शिशासारख्या जड धातूच्या डब्यातून केबलीनं बाहेर ढकलतात. गॅमा किरण पोलादातून आरपार जाऊन फिल्मवर वेल्डचं चित्र उमटवतात. हे काम माणसं कमी असताना, बहुधा रात्री करतात. चहूकडे दोरी, लाल दिवे, पाट्या, राखण. मापक हातात धरून माणूस सीमेवर फिरतो. स्रोत डब्यात परत गेला, हे केबलीच्या लांबीवरून मानायचं नसतं. मापकानं पाहायचं असतं. दोरीच्या आत एखादा फिटर पाण्याची बाटली विसरलेला असतो, त्याला फक्त दोन मिनिटं आत जायचं असतं. दोरीवरच्या राखणदाराचं सगळं शिक्षण त्या दोन मिनिटांसाठी असतं.

नकाशात नसलेला पत्रा

अमेरिकेत डेट्रॉइटजवळ, ईरी सरोवराच्या काठी एन्रिको फर्मी नावाची अणुभट्टी होती. तिच्या तळाशी, बांधकामाच्या शेवटच्या काळात, झिर्कोनियमचे काही पत्रे जास्तीची सुरक्षा म्हणून बसवले गेले. 5 ऑक्टोबर 1966 रोजी त्यातला पत्रा सुटून वर गेला, थंड करणाऱ्या द्रव सोडियमची वाट अडली, आणि इंधनाचा काही भाग वितळला. तळाशी सापडलेला चुरगळलेला तुकडा कशाचा, हे ओळखायलाच दीर्घ काळ लागला, कारण हातातल्या नकाशात ते पत्रे दाखवलेलेच नव्हते.

बांधताना नकाशा बदलावाच लागतो. पाइप सळईला आडवा येतो, आधार एक वीत सरकतो. बदल करणं चूक नाही. मूळ आराखडा करणाऱ्याला न विचारता करणं आणि केल्यावर न नोंदवणं ही चूक आहे. म्हणून बांधून झाल्यावर जसं आहे तसा नवा नकाशा काढतात. तो पुढच्या पिढीला लिहिलेलं पत्र असतो. स्वच्छतेचा नियमही याच्याच जवळचा. मुख्य पाइप उघडे असताना आत जाणाऱ्याचे खिसे रिकामे करतात, पाने-हातोड्या दोरीनं मनगटाला बांधतात, आत गेलेली प्रत्येक वस्तू वहीत लिहून बाहेर आल्यावर मोजतात. एक नट कमी भरला, तर तो सापडेपर्यंत झाकण लागत नाही.

साखळीचं शेवटचं टोक

फिनलंडमधल्या ओल्किलुओतो केंद्राच्या तिसऱ्या अणुभट्टीचं बांधकाम 2005 साली सुरू झालं. 2009 मध्ये वीज मिळायची होती. नियमित वीज मिळाली ती एप्रिल 2023 मध्ये. सुरुवातीलाच पायाच्या काँक्रीटचा दर्जा आणि कवचाच्या पोलादी अस्तराचे वेल्ड यांवर प्रश्न उभे राहिले. तिथल्या नियामक संस्थेनं 2006 मध्ये तपास करून अहवाल जाहीर केला. त्याचा गाभा असा, की अणुकामाचा पूर्वानुभव नसलेल्या उपकंत्राटदारांकडे काम गेलं, पण त्या कामाला एवढी कडक शिस्त का लागते, हे त्यांच्यापर्यंत नीट पोचलंच नाही. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला योजलेल्या सहा अणुभट्ट्या ओल्किलुओतोसारख्याच, ईपीआर नावाच्या जातीच्या आहेत. म्हणून कोकणातल्या वाचकानंही हा अहवाल आपला समजावा.

मालक, मुख्य कंत्राटदार, उपकंत्राटदार, मुकादम, आणि शेवटी झारखंड, ओडिशा किंवा बिहारमधून आलेला पोरगा, अशी ही साखळी असते. अणुभट्टीच्या भिंतीला प्रत्यक्ष हात लागतो तो या शेवटच्या टोकाचा. सकाळी काम सुरू होण्याआधी टोळी गोलाकार उभी राहते आणि मुकादम दहा मिनिटं बोलतो. याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. आज कुठे उंचीवर जायचं आहे, कुठली जाळी काढलेली आहे, वर कोण काम करतंय. हे त्या पोराच्या भाषेत सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्याच्याकडून वदवून घेतलं, तरच ते सांगणं. हार्नेसला दोन हुक का असतात? एक सोडण्याआधी दुसरा अडकवायचा, म्हणजे मधल्या एका क्षणालाही माणूस मोकळा राहत नाही. हे कारण कळलेला माणूस कुणी बघत नसतानाही हुक अडकवतो. आणि हुकाचं कारण ज्याला समजावून सांगितलं, तोच उद्या विचारतो, 'साहेब, इथे सळया कमी दिसताहेत.' मजुरी कापली जाण्याच्या भीतीनं गप्प बसलेला माणूस हे विचारत नाही.

थांबण्यानं काम रखडतं, असा एक समज आहे. तारापूरच्या चौथ्या अणुभट्टीचं पहिलं काँक्रीट 8 मार्च 2000 रोजी पडलं आणि तिच्यात अणुविखंडनाची साखळी सुरू झाली 6 मार्च 2005 रोजी. पाच वर्षांना दोन दिवस कमी. इतके होल्ड पॉइंट पार करूनही हा वेग साधला. ठरवून घेतलेले थांबे वेळापत्रकात मावतात. जे थांबे घेतले जात नाहीत, त्यांचे दिवस मग ओल्किलुओतोसारखे वर्षांत मोजावे लागतात.

कैग्याच्या त्या पहिल्या अणुभट्टीकडे परत जाऊ. 2016 साली ती एकदा सुरू झाली आणि 31 डिसेंबर 2018 पर्यंत सलग 962 दिवस अखंड चालली. त्या वेळी तो जागतिक विक्रम होता. ही अखंड धाव जिथून मोजली जाते, तो दिवस 13 मे. घुमट सोलला त्याला त्या दिवशी बरोबर बावीस वर्षं झाली होती. तारीख जुळली हा योगायोग. पण त्या 962 दिवसांत अणुभट्टीच्या डोक्यावर जे छत होतं, त्याच्या पोटात जाडीच्या दिशेनं बांधलेल्या सळया आहेत, हा योगायोग नाही. त्या कुणाला दिसत नाहीत. काम थांबवून, कारण शोधून, पुन्हा बांधणाऱ्या माणसांनी त्या तिथे ठेवल्या आहेत.